विकत घेतलेल्या वस्तूचा धनी कोण?

वस्तू विकत घेणे म्हणजे काय, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. संकेश्वरच्या बाजारात आपण मिरची घेतो, दाम मोजतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. त्या क्षणापासून ती मिरची आपली. तिचे तिखट कुटावे की थोडी शेजारी द्यावी, हे विचारण्यास कोणी व्यापाऱ्याकडे परत जात नाही. आणि व्यापारीही रात्री येऊन आपल्या डब्यातील तिखट बदलून जात नाही. परंतु हल्ली घरोघरी आलेल्या ‘स्मार्ट’ दूरचित्रवाणी संचाने हा सरळ व्यवहार संदिग्ध करून टाकला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा संच म्हणजे वस्तुतः मोठा पडदा लावलेला संगणकच होय. त्याच्या आत सॉफ्टवेअर असते, आणि घरातील इंटरनेटशी जोडणी झाली की निर्माता दूर बसून ते बदलू शकतो. या बदलास ‘अपडेट’ असे म्हणतात. सकाळी संच सुरू करावा तो पडद्यावरील मांडणी निराळीच दिसते; काल जेथे नेहमीची वाहिनी सापडत होती तेथे आज जाहिरात झळकते. नातवाकडून चिकाटीने शिकून घेतलेली आजोबांची रिमोटवरील वाट एका रात्रीत पुसली जाते, आणि कीर्तन लावून देण्यासाठी त्यांना पुन्हा दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. वृद्ध माणसाचे स्वावलंबन अशा लहानसहान गोष्टींवरच उभे असते.

याहून गंभीर प्रकारही घडलेले आहेत. अमेरिकेतील व्हिझिओ या कंपनीच्या संचांतून, पाहणाऱ्यांना पुरेशी कल्पना न देता, घरात काय पाहिले जाते याची क्षणोक्षणीची नोंद गोळा केली जात होती, असा आरोप तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने केला. असे संच १ कोटी १० लाख होते. त्यांपैकी जे जुने संच आधीच विकले गेले होते, त्यांत हे सॉफ्टवेअर मागाहून दुरूनच बसविण्यात आले, असेही आयोगाचे म्हणणे होते. २०१७ साली २२ लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटविले. दुसरे उदाहरण २०१९ च्या डिसेंबरातील. अमेरिका व कॅनडा या देशांत सॅमसंगच्या २०१० व २०११ सालच्या काही संचांवर नेटफ्लिक्स चालेनासे झाले. पडदा शाबूत, आवाज शाबूत. तथापि ज्या सोयीसाठी अनेकांनी तो संच घेतला असेल, ती सोय गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याच कर्नाटकात, कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळी विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ रचिला. स्वत्व, म्हणजे मालकी, ही शास्त्राने निर्माण होते की लोकव्यवहाराने, याची त्यांनी सविस्तर चर्चा केली आहे. स्वत्व हे लौकिक आहे, असा त्यांचा निर्णय. त्यासाठी दिलेले एक कारण आम्हां सीमेवरच्या लोकांस विशेष मनोज्ञ वाटावे असे आहे. ज्यांनी शास्त्र कधी पाहिले नाही अशा प्रांतसीमेवरील लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि तुझे-माझे मानले जाते, असे ते दाखवितात. तात्पर्य, मालकी कशास म्हणावे हे समजण्यास पांडित्य लागत नाही. ते साध्या माणसाच्या व्यवहारातच स्पष्ट असते. मग ज्या खरेदीचा अर्थ समजण्यासाठी पानेच्या पाने इंग्रजी अटी वाचाव्या लागतात, आणि ‘मान्य’ हे बटण दाबल्यावाचून संच पुढे सरकतच नाही, त्या संमतीस संमती तरी कसे म्हणावे?

नारदस्मृतीत वादाचे जे विषय सांगितले आहेत त्यांत ‘विक्रीयासंप्रदान’ असा एक स्वतंत्र विषय आहे. विकून मूल्य घेतले, परंतु वस्तू हवाली केली नाही, असा त्याचा अर्थ. स्मार्ट संचाची गत काहीशी अशीच आहे. खोके घरी येते, पण त्यावरचा ताबा पूर्णपणे येत नाही. दान देताना यजमान उदक सोडून ‘न मम’ म्हणतो, म्हणजे हे यापुढे माझे नाही असे सांगतो. विक्रीत उदक सोडावे लागत नाही. परंतु पैसे घेणाऱ्याने मनोमन तेवढे म्हटल्याखेरीज विक्री पुरी होत नाही, असे आम्हांस वाटते. निर्माता ते शब्द उच्चारीतच नाही. तो दाम घेतो आणि किल्लीही स्वतःपाशी ठेवतो.

येथे दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जो संच इंटरनेटशी जोडला आहे, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कालांतराने उणिवा सापडतात आणि त्यांतून परक्यांस शिरकाव करता येतो. त्या बुजविण्यासाठी अपडेट आवश्यकच असतात. किंबहुना ते वेळेवर न देणारा निर्माता कर्तव्यास चुकला असेच म्हणावे लागेल. तेव्हा दोष अपडेटचा नाही. घर शाकारणारा कारागीर कौले बदलतो तेव्हा आपण त्यास धन्यवाद देतो. पण त्याच शिडीने उतरून तो ओसरीवर आपल्या दुकानाची पाटी लावू लागला तर त्यास हटकतो. दुरुस्ती आणि फेरफार यांतील हा भेद सांभाळणे हाच खरा नीतीचा प्रश्न होय.

साध्या संचाची ओढ लोकांना पुन्हा का वाटू लागली, याचे उत्तरही यातच आहे. १९८७-८८ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका चाले तेव्हा एका घरातील संचापुढे सारी गल्ली जमत असे, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तेव्हा पाहण्यास निवड नव्हती, अँटेना हलवून चित्र धरावे लागे, आणि काय दाखवावे हे सरकार ठरवीत असे. तथापि त्या संचात एक मोठा गुण होता. प्रक्षेपण एकाच दिशेने चाले. मनोऱ्यावरून लहरी येत, घरातून काही परत जात नसे. कोण बसले, कोण उठून गेले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्या संचाला ठाऊक नव्हते. बटण बंद केले की तो खरोखर बंद होई. साधेपणाची ही ओढ म्हणजे आपल्या घरात आपणच धनी असावे, ही इच्छा होय.

ही इच्छा आजही पुष्कळ अंशी पुरी करता येते. स्मार्ट संचसुद्धा इंटरनेटशी न जोडता वापरता येतो. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ ही २००४ पासून चालू असलेली सेवा मासिक वर्गणीवाचून वाहिन्या देते. नवा संच घेताना दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: जोडणीवाचून हा चालेल काय? अपडेट किती वर्षे मिळतील? पाहण्याची नोंद घेणे बंद करता येईल काय? शिवाय व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली आपल्या देशात जो कायदा झाला, त्यात संमतीची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा द्यावी, अशी तरतूद आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. कायद्याची बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. ती लागू होतील तेव्हा आपल्या भाषेत ती सूचना मागणे हे आपले काम.

शेवटी एक विनंती. ज्या घरात आजी-आजोबा संच पाहतात, तेथील तरुणांनी अपडेटनंतर पाच मिनिटे काढून त्यांची वाट त्यांना पुन्हा दाखवून द्यावी, आणि ते विचारतील तितक्या वेळा दाखवावी. निर्मात्याने आपले कर्तव्य पाळले नाही तरी घरच्यांनी आपले सोडू नये.