मुतखडा आणि प्रारब्ध
अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णाखोऱ्यातील क्षारयुक्त भूजलाच्या प्रदेशात, मूत्रपिंडाचे विकार हे गावोगावचे दुःख असून ते पूर्वकर्माचे फळ मानावे काय, हा प्रश्न धर्मचिंतनाला टाळता येत नाही. मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि त्यात सापडणारी जस्त, स्ट्रॉन्शियम यांसारखी अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्येही अन्नपाण्यातूनच शरीरात येतात; सुश्रुतानेही अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, मूळ दोषांत आणि अपथ्यात शोधले. प्रारब्ध ज्याचे त्याचे मानले, तरी विहीर साऱ्या गावाची असते. म्हणून अशा दुःखाला वैयक्तिक पापाचा दंड ठरवणे हा पीडितावर दुहेरी अन्याय होय. अमरावती जिल्ह्यातच 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी तहानलेल्याला पाणी देणे हाच धर्म सांगितला आहे.