संवादातील तृतीय पुरुष

१

संवाद हे मूल्य आहे, हे मान्य करण्यात आधुनिक मराठी विचारव्यवहाराला कधी फारशी अडचण वाटलेली नाही. मतभेद असावेत पण संवाद तुटू नये, ही भूमिका उदारमतवादी आणि परंपरानिष्ठ अशा दोन्ही गोटांत सारख्याच सहजतेने घेतली जाते. संवाद करणाऱ्यांनी परस्परांशी कसे वागावे याचीही पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु ज्याच्याविषयी संवाद चालतो आणि जो त्या संवादात उपस्थित नसतो, त्याचे संवाद करणारे काही देणे लागतात काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. संवादाची नीती ही उपस्थितांपुरतीच असते, असे जणू गृहीत धरले गेले.

भाषा, प्रादेशिक संस्कृती आणि सामाजिक वाद यांना वाहिलेल्या संभाषणात्मक पॉडकास्टने हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. २००४ साली बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने ‘पॉडकास्ट’ हा शब्द वापरला तेव्हा त्याचा संबंध निव्वळ श्राव्य माध्यमाशी होता. मराठीत हा प्रकार रुजला तो बव्हंशी यूट्यूबवर, ध्वनीला दृश्याची जोड घेऊन. ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ यांसारख्या मालिकांनी दीर्घ संभाषणाची सवय असलेला एक श्रोतृवर्ग घडवला. दूरचित्रवाणीवरील चर्चेत वक्त्याला मिनिटांत मोजलेला अवकाश मिळतो. येथे विधान मांडता येते, त्याला मुरड घालता येते, क्वचित ते मागेही घेता येते. मुद्रणसंस्कृतीने मराठी गद्यातून जे घटक हद्दपार केले, म्हणजे सूर, विराम, अडखळणे, वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्याकडे जाणे, ते सारे येथे परत येतात. या प्रकाराचे हे श्रेय निःशंकपणे मान्य करावयास हवे. येथे उपस्थित करावयाचा आक्षेप त्याच्या उथळपणाविषयीचा नाही. त्याच्या उत्तम नमुन्यांनाही जो लागू पडतो अशा एका रचनागत मर्यादेविषयीचा आहे.

२

ही मर्यादा समजून घेण्यासाठी व्याकरणातील पुरुषविचाराचे साहाय्य होते. मराठी व्याकरण ‘मी’ला प्रथम, ‘तू’ला द्वितीय आणि ‘तो’ला तृतीय पुरुष म्हणते. पाणिनीची व्यवस्था उलट्या क्रमाची आहे. ‘अस्मद्’साठी उत्तम पुरुष, ‘युष्मद्’साठी मध्यम पुरुष आणि या दोहोंखेरीज जे शेष राहते त्याच्यासाठी प्रथम पुरुष, अशी ती मांडणी आहे. संज्ञेने ‘प्रथम’ असलेला हा पुरुष व्याख्येने मात्र ‘शेष’ आहे. बोलणारा आणि ऐकणारा वजा केल्यावर उरणारा. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने १९४६ सालच्या आपल्या निबंधात हाच विचार टोकाला नेला. अरबी वैयाकरण तृतीय पुरुषाला ‘अनुपस्थित’ म्हणतात, याकडे लक्ष वेधून त्याने असे प्रतिपादन केले की, खऱ्या अर्थाने ‘पुरुष’ दोनच आहेत. ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल होऊ शकते. ऐकणारा बोलू लागला की तो ‘मी’ होतो. ‘तो’ मात्र या फेऱ्याबाहेर असतो. व्याकरणदृष्ट्या तो पुरुषच नव्हे.

भारतीय वादपरंपरेतही हेच स्थान रिकामे दिसते. न्यायदर्शनाने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. हे वर्गीकरण आजही उपयुक्त आहे. वाहिन्यांवरील सायंकालीन चर्चा बहुधा जल्पात मोडते आणि पॉडकास्टची प्रतिज्ञा वादाची असते, असे त्याच्या आधारे म्हणता येईल. परंतु तिन्ही प्रकार ठरतात ते सहभागी व्यक्तींच्या हेतूवरून. ज्याच्याविषयी कथा चालते त्याला त्यात स्थान नाही. शब्द नित्य की अनित्य, आत्मा देहाहून भिन्न की अभिन्न, असे विषय असताना ही उणीव जाणवण्याचे कारण नव्हते. शब्द आणि आत्मा उलट उत्तर देत नाहीत. विषयाच्या जागी एखादा मानवसमूह आला, आणि त्या समूहाची स्वतःची बोली असली, की मात्र या उणिवेला नैतिक अर्थ प्राप्त होतो.

३

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे तालुके या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. एका बाजूला ते मुंबईच्या श्रवणकक्षेत आहेत. कर्जत आणि खोपोलीपर्यंत उपनगरी गाड्या जातात, आणि रोज सुमारे दोन तास एका दिशेला प्रवास करणारा नोकरदार हा दीर्घ संभाषणांचा स्वाभाविक श्रोता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्यातून जातो. दुसऱ्या बाजूला याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकरी हा शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट केलेला समाज. त्याचे नाव काताच्या उद्योगावरून पडले. तो उद्योग संपला, नाव राहिले. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जाणारी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतणारी कुटुंबे या समाजात मोठ्या संख्येने आहेत. मुलांची शाळा या स्थलांतराच्या आड येते, किंवा स्थलांतर शाळेच्या.

आता अलीकडच्या भाषाविषयक वादाकडे पाहावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आली, १७ जूनच्या निर्णयाने तिच्या सक्तीचे रूप बदलले, आणि तीव्र विरोधानंतर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. या काळात मराठीविषयी जेवढे सार्वजनिक बोलणे झाले तेवढे त्याआधीच्या अनेक वर्षांत झाले नसेल. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचा भार टाकणे अशैक्षणिक आहे, हा त्यातील सर्वांत सबळ युक्तिवाद होता, आणि तो योग्यच होता.

परंतु या युक्तिवादातील मोजणी कोठून सुरू होते, हे पाहण्यासारखे आहे. मराठी पहिली, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी. ज्या घरात अजून कातकरी बोलली जाते त्या घरातील मुलाच्या बाबतीत ही मोजणी एका अंकाने चुकते. त्याच्या दृष्टीने शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा आहे. वादग्रस्त ‘तिसरी’ भाषा त्याची चौथी ठरली असती. म्हणजे मातृभाषेतून शिक्षणाचे जे तत्त्व मराठीच्या बाजूने मांडले गेले, ते या मुलाला लावताच मराठीच्याच वर्चस्वाकडे बोट दाखवते. हिंदीच्या सक्तीला विरोध करण्याचे कारण त्याने दुबळे होत नाही. उलट त्या कारणाची व्याप्ती किती आहे हे त्याने कळते. पण हा मुद्दा कोणी मांडावयाचा? ‘आपली भाषा’ या शब्दप्रयोगातील ‘आपण’ हा बोलणारा आणि ऐकणारा यांना एकत्र बांधतो. मराठीचे वैशिष्ट्यच असे की, श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळू शकणारे ‘आम्ही’ असे दोन पर्याय तिच्यापाशी आहेत. संभाषणातील ‘आपण’ जितका उबदार, तितकी त्याच्या बाहेर कोणी उरले आहे ही जाणीव मंद होत जाते.

४

या अनुपस्थितीला पॉडकास्ट एकटा जबाबदार नाही. अभ्यासाची परंपराही तिच्यात सहभागी आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात ठाकरी आणि कातकरी यांची नोंद झाली. त्या सर्वेक्षणाने भाषांचे नमुने गोळा करताना बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा सर्वत्र भाषांतरित करून घेतली. तुलनेसाठी ही युक्ती शास्त्रीय होती, यात शंका नाही. पण तिचा परिणाम असा की, बोलीतून जे प्रथम कागदावर आले ते बोलणाऱ्याने कोणाला सांगावेसे वाटलेले नव्हते. ते त्याच्याकडून वदवून घेतलेले होते. पुढे ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० साली आला, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली आला, आणि अलीकडे डेक्कन कॉलेजच्या बोली-प्रकल्पाने जिल्ह्याजिल्ह्यांतील लोकांची निवेदने ध्वनिमुद्रित करून सर्वांना ऐकण्यासाठी खुली केली. वदवून घेतलेल्या भाषांतराकडून स्वतःच्या निवेदनाकडे झालेला हा प्रवास मोलाचा आहे. तरीही तो निवेदनापाशी थांबतो. आवाज मिळतो, पण तो आवाज अभ्यासकाला प्रश्न विचारत नाही.

यात पणाला काय लागते, हे इर्शाळवाडीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनातर्फे सांगण्यात आले. यादी हा तृतीय पुरुषाचा सर्वांत शुद्ध आकृतिबंध आहे. तीत नाव असते किंवा नसते, पण कोणालाही संबोधन नसते. दुर्घटनेनंतर बचावलेल्यांसमोर ध्वनिक्षेपक धरले गेले आणि काय घडले, कसे वाटले, असे प्रश्न विचारले गेले. वाडीने बोलावे अशी अपेक्षा निर्माण झाली ती बोलण्यासारखे बहुतेक सारे गाडले गेल्यावर. दरड संवादाने थांबली असती असा दावा येथे अभिप्रेत नाही. मात्र एखादा समूह केवळ बोलण्याचा विषय म्हणूनच ओळखीचा असेल, तर त्याचे म्हणणे आपत्तीच्या आधी ऐकण्याची जागाच समाजाच्या भाषाव्यवहारात तयार होत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

५

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे ‘त्यांना बोलावा’. एखाद्या कातकरी तरुणाला वा ठाकर शिक्षिकेला पाहुणे म्हणून बोलावले की अनुपस्थिती संपली, असे वाटते. वस्तुतः येथेच प्रश्नाचे खरे स्वरूप दिसू लागते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात प्रतिनिधित्व या संकल्पनेतील दोन अर्थ वेगळे केले: कोणाच्या वतीने उभे राहणे आणि कोणाचे चित्र उभे करणे. निमंत्रित पाहुण्याकडून दोन्ही कामांची एकदमच अपेक्षा केली जाते. त्याने आपल्या समाजाच्या वतीने बोलावे, त्याचे चित्रही रेखाटावे, आणि हे सारे निवेदकाच्या मराठीत. ‘तुमच्याकडे लग्ने कशी होतात’, ‘तुमच्या बोलीतले एखादे वाक्य म्हणून दाखवा’, अशा प्रश्नांना उत्तर देताना तो उपस्थित असतो, बोलतही असतो, पण स्वतःच्या समाजाविषयी तृतीय पुरुषातच बोलत असतो. ‘म्हणून दाखवा’ या क्रियापदातच बोलीचे प्रदर्शन होते. तिच्यातून कोणी काही सांगितलेले नसते.

म्हणून कसोटी उपस्थितीची नव्हे, तर अदलाबदलीची असावयास हवी. ज्याच्याविषयी बोलले गेले तो प्रश्न विचारणारा होऊ शकतो काय? ‘तुम्ही आमच्या डोंगरात दुसरे घर कशासाठी बांधता’, ‘तुमच्या मुलांना आमची बोली का शिकवत नाहीत’, असे तो विचारू शकला आणि निवेदकाला उत्तरासाठी थांबावे लागले, तरच ‘तो’चा ‘तू’ झाला असे म्हणता येईल. ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल व्याकरण आपोआप घडवून आणते. ‘तो’ला ‘तू’ करणे मात्र व्याकरणाच्या हाती नाही. त्यासाठी कोणीतरी त्याच्याकडे वळून त्याला संबोधावे लागते. संबोधन ही कृती आहे, आणि म्हणूनच तिचा विचार नीतीच्या क्षेत्रात करावा लागतो. याच कृतीत त्याचा न बोलण्याचा अधिकारही अंतर्भूत आहे. कारण ज्याला उद्देशून बोलले गेले तोच गप्प राहू शकतो, ज्याच्याविषयी बोलले गेले त्याचे मौन कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे केवळ आदर्शाचे बोलणे नव्हे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत नभोवाणी ग्रामसभांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आणि आपले प्रश्न व आक्षेप केंद्राकडे पाठवत. त्यांची उत्तरे पुढील प्रक्षेपणात येत. विकासाचा कार्यक्रम वरून ठरलेला होता, ही त्या प्रयोगाची मर्यादा होती. तरीही ऐकणाऱ्याच्या उत्तराची वाट त्याच्या रचनेतच होती. त्याहून कितीतरी सुलभ साधने हाती असलेल्या आजच्या संभाषणात ती वाट नसेल, तर दोष तंत्राचा म्हणता येणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. ही कसोटी काटेकोरपणे लावली तर अनुपस्थितांविषयी, दूरस्थांविषयी, मृतांविषयी बोलताच येणार नाही. इतिहास आणि समीक्षा या दोहोंना गाशा गुंडाळावा लागेल. आक्षेप गंभीर आहे, पण तो स्थान आणि नियती यांत गल्लत करतो. तृतीय पुरुष हे भाषेतील एक अपरिहार्य स्थान आहे. प्रत्येकजण कोणाच्या ना कोणाच्या बोलण्यात तेथे जाऊन येतो. अन्याय सुरू होतो तो काहींना तेथून परत येण्याचा मार्ग उरत नाही तेव्हा. कर्जतच्या गाडीतील श्रोता एका संभाषणाचा विषय असला, तरी दुसऱ्यात तो बोलणारा असतो. खालापूरच्या वाडीतील स्त्री प्रत्येक संभाषणाचा विषयच असते. मृत बोलू शकत नाहीत, हे त्यांच्याविषयी मौन पाळण्याचे कारण होत नाही. पण जिवंतांना मृतांप्रमाणे वागवू नये, याचे कारण मात्र निश्चितच आहे.

प्रादेशिक संस्कृतीविषयीच्या संभाषणाचे मूल्यमापन करताना समीक्षा आजवर त्यातील माहिती, भाषाशैली आणि विचारांचा नेमकेपणा यांकडे पाहत आली आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक निकष घ्यावयास हवा: येथे जे बोलले गेले ते ज्याच्याविषयी बोलले गेले त्याच्यासमोर, त्याला उत्तर देता येईल अशा भाषेत, याच शब्दांत बोलता आले असते काय? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नकारार्थी येईल, आणि हा निकष लावणाऱ्या समीक्षालेखांच्या बाबतीतही ते तसेच येईल. त्यामुळे निकष बाद ठरत नाही. त्याचे क्षेत्र पॉडकास्टपुरते मर्यादित नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.