खेळाचे वेतन आणि खेळाडूचा उत्तरकाळ

खेळावर पोट भरावे काय, हा प्रश्न आपल्या बडोद्यातील मराठी घरांना नवा नाही. राजरत्न प्रा. माणिकरावांच्या परंपरेत वाढलेल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने व्यायाम ही विद्या होती, आणि विद्येचा विक्रय करू नये अशी शिकवण होती. ज्या नगरीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध झाला, तेथे शरीरसाधनेकडे धंदा म्हणून पाहणे जड जावे, हे स्वाभाविकच होय.

परंतु याच नगरीचा दुसरा इतिहासही विसरता येत नाही. मल्लांचा खुराक दरबारातून चाले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोदे संस्थानच्या सेवेत आले आणि येथलेच झाले. १९४७ साली येथे होळकर संघाविरुद्ध झालेल्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी २८८ धावा केल्या आणि गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागी रचली. २००४ साली त्यांचे देहावसानही बडोद्यातच झाले. त्यांच्या खेळामागे राजाश्रय होता म्हणून त्या खेळीचे तेज उणे झाले, असे कोणी म्हणेल काय? म्हणजे खेळाडूला अन्न देणे आपल्याला कधीच गैर वाटले नाही; त्याने ते करार करून, हक्काने मागणे तेवढे खटकते.

या करारी जीवनाचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज. १९५५ साली केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील पेरावूर येथे जन्मलेल्या या खेळाडूने वैद्यकीय शिक्षण सोडून केरळ पोलीस दलात नोकरी धरली. १९७६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते अबूधाबीत खेळले आणि १९८२ पासून इटलीतील व्यावसायिक संघांत. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळविले, त्या संघात ते होते. करार परक्या देशातील संघाशी होता, म्हणून स्वदेशाशी नाते तुटले नव्हते. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीत मोटार अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे बत्तीस होते. तिरुवनंतपुरमच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे, आणि इटलीतील माँतिकियारी गावच्या क्रीडागृहालाही. केवळ पगारी चाकराचे नाव कोणते गाव आपल्या वास्तूला देईल? वेतन घेऊनही मनुष्य खेळावर आणि ज्यांच्यासाठी खेळतो त्यांच्यावर निष्ठा ठेवू शकतो, याचा याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

निर्वेतन खेळ अधिक पवित्र, हा आग्रह पश्चिमेकडेही होता. जिम थॉर्पने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी बेसबॉल खेळण्याचे थोडे पैसे घेतल्याच्या कारणावरून पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच्या कुटुंबीयांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या. ज्याच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न आहे त्यालाच निर्मोही राहणे परवडते. गरिबाच्या मुलास तो नियम म्हणजे बंद दरवाजाच.

तेव्हा खेळाने वेतन घ्यावे, याविषयी आम्ही निःशंक आहोत. शंका आहे ती वेतन थांबल्यानंतरच्या वर्षांची. व्हॉलीबॉल हा उडीचा खेळ. गुडघे आणि खांदे हेच त्याचे भांडवल, आणि ते दर सामन्यात खर्च होत असते. पस्तिशीच्या सुमारास बहुतेकांचा खेळ संपतो, तेव्हा अर्धे आयुष्य उरलेले असते. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत अठ्ठावन्न वर्षांपर्यंत राहिलो. उत्तरार्धात लेखणीचा वेग मंदावला, तरी पगार घटला नाही, आणि आज निवृत्तिवेतन घरी येते. अनुभव वाढेल तशी आमची किंमत वाढत गेली. खेळाडूचा अनुभव वाढतो तशी त्याची किंमत उतरते. या दोघांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

खेळाडूंना नोकरी देण्याची रेल्वे, पोलीस आणि मकरपुरा मार्गावरील ओएनजीसीसारख्या संस्थांची पद्धत म्हणजे जुन्या राजाश्रयाचाच नवा अवतार. तिने उद्याची भाकरी दिली, हे तिचे मोठे पुण्य. करारात स्वातंत्र्य आहे, पण उद्या नाही. २०२३ साली प्राइम व्हॉलीबॉल लीगचे अजिंक्यपद अहमदाबाद डिफेंडर्सने मिळविले तेव्हा गुजरातभर आनंद झाला. परंतु ती स्पर्धा सुमारे महिनाभराची होती. वर्षाचे उरलेले अकरा महिने खेळाडूने कशावर काढावेत, हे टाळ्या वाजविणाऱ्यांनी विचारले पाहिजे.

आमच्या मते कर्तव्य तिघांचे आहे. खेळाडूने शिक्षण सोडू नये आणि मिळकतीतला वाटा उत्तरकाळासाठी राखावा. संघ चालविणाऱ्यांनी दुखापतीचा विमा आणि खेळ संपल्यावर प्रशिक्षकपदाची तयारी, या दोन गोष्टी करारातच लिहाव्यात. त्या दयेवर सोडू नयेत. आणि आपण घरच्यांनी, नातू वा नात मैदानाची वाट धरू म्हणाली, तर ‘यात पैसा आहे काय’ एवढेच विचारून थांबू नये. पस्तिसाव्या वर्षी घरी परतणाऱ्या त्या मुलाला आपण पुन्हा विद्यार्थी होऊ देऊ काय, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू देऊ काय, हे स्वतःस विचारावे. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू हातात धरून ठेवता येत नाही. तो पुढच्याकडे द्यावाच लागतो. पुढचा हात तयार ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते आपण मान्य करीत असू, तर मुलांना मैदानापासून अडविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.