रंगाखालचा गंज
हुबळी-धारवाडात जुनी मारुती घेऊन प्रथमच गाडीवाले झालेल्या कुटुंबाजवळ रंगासाठी पैसे बेताचेच उरतात. गंज पत्र्यापर्यंत खरवडून, प्रायमर देऊन रंगवायचे, तर त्यांत दोन दरवाजे होतील. गंजावरच पुट्टी भरली, तर सारी गाडी चकाकेल. पण पुट्टीखाली गंज वाढतच राहतो. पावसाळ्यांत ओल शिरली की रंग फुगतो. तोवर गाडी विकली गेली असली, तर? तो अनोळखी गिऱ्हाईकही आपला शेजारीच ना? चुना लावलेल्या कबरांविषयीचे प्रभूचे बोल (मत्तय २३:२७) आपण परूश्यांपुरतेच ठेवतो. वाचकहो, दोन दरवाजेच नीट रंगवावेत. रविवारी मंदिराच्या आवारात ठिगळाची गाडी पाहून कोणी हसेल, हसू द्यावे. मूळचा रंगच बदलायचा असेल, तर मात्र आधी आरटीओत विचारून नोंदणीपत्रात तशी नोंद करून घ्यावी.