उचल आणि उद्याचा विचार

गरिबाला उद्याचा विचार नसतो, म्हणून तो गरीब राहतो, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पारावर तर बोलले जातेच, पण कधी कधी कीर्तनातही तसा दृष्टान्त येतो. बोलणाऱ्याच्या कणगीत बहुधा पुढच्या सुगीपर्यंतचे धान्य असते, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांचेच पाहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाच्या आधी, दसऱ्याच्या आत, कोयत्यावर उचल देतो. पैसा आज हातात पडतो आणि पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून तो फेडायचा. फिटला नाही तर बाकी पुढच्या सालावर. यात तोटा आहे हे त्या जोडीला कळत नाही, असे समजणे हा आपला भाबडेपणा. कळते, पण सासऱ्याचा दवाखाना, किराणा दुकानाची उधारी आणि मुलीचे ठरलेले लग्न यांपैकी काहीच हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. मुलाला शाळेत ठेवावे की फडावर न्यावे, हा खरा दूरचा प्रश्न. त्याचा निर्णय गाडी दारात उभी असताना होतो.

तामिळनाडूतील 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच शेतकऱ्याची विचारशक्ती दोनदा तपासली. एकदा तोडणीआधी, म्हणजे हात आखडलेला आणि डागिने गहाण पडलेले असताना. आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण आधीच्या वेळी त्याची बुद्धी कमी चालली. एका अभ्यासाने सारे सिद्ध होते असे नाही. पण ज्याने उधारीत दिवस काढले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. आजचीच चिंता मनाची सगळी जागा व्यापते, तिथे उद्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, संतांनीही उद्याची चिंता सोडायला सांगितले ना? सांगितले. पण देवावर भार टाकून चिंता सोडणे वेगळे आणि आजच्या भाकरीपायी उद्या दिसेनासा होणे वेगळे. पहिल्यात मन मोकळे होते, दुसऱ्यात ते जखडते. दोन्हींना एकच नाव देऊन गरिबाला ‘समाधानी राहा’ म्हणणे मला तरी धर्म वाटत नाही.

तुकोबारायांचे चरित्र या अंगाने पुन्हा पाहावे. घरी महाजनकी, सावकारी. 1630च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, प्रथम पत्नी अन्नान्न करीत गेली. पुढे कर्जखतांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आपण ही कथा वैराग्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ऋणकोच्या घरातून ती कशी दिसली असेल? तुकोबांनी त्याला आधी काटकसरीचे धडे दिले नाहीत, त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. पुढच्या पेरणीचा विचार त्या घरात त्या दिवसापासून करता आला असेल.

उचलीचे पैसे दारूत घालवणारेही आहेत. त्यांचा दोष त्यांचाच; पण त्यांच्यावरून साऱ्या फडाची पारख करू नये.

आणि आषाढात पाहा. तीच कोयत्यावरची बाई डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालते. भिशी भरलेली असते, वाटेत गावोगावी अन्नदान असते, रात्री राहुटी असते. अठरा-वीस दिवस दोन वेळच्या घासाचा हिशेब तिला मांडावा लागत नाही. नाम तिच्या मुखी सहज बसते, आणि विसाव्याला ती धाकटीला बारावीपर्यंत शिकवायचे म्हणते. बाई तीच आहे, घासाची खात्री तेवढी नवी.

गावोगावच्या सप्ताहाला वर्गणी मोठी जमते, पंगती उठतात, मंडप लागतो. त्यातला एखादा हिस्सा बिनव्याजी हातउसना म्हणून बाजूला ठेवता येईल का? दवाखान्यासाठी, आणि मुख्य म्हणजे श्रावण-भाद्रपदात, मुकादम गावात यायच्या आधी.