हूल आणि हिशेब

असत्याचा नैतिक विचार करताना एक गोष्ट आपण बहुधा गृहीतच धरतो, ती ही की असत्य कोणाला तरी उद्देशून असते. फसवणाऱ्यासमोर फसणारा असतो, आणि दोघांमध्ये विपरीत का होईना, एक संबंध असतो. ज्या असत्याला संबोध्यच नाही, त्याचे नैतिक स्वरूप काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून हा खेळ अमेरिकेत पसरला. त्याचे मर्म सांगणे सोपे आहे. पत्ते झाकलेले असतात, लावलेली रक्कम उघड असते. हाती काही नसताना मोठी रक्कम लावून, चांगले पत्ते असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पळवून लावता येते. यालाच ब्लफ, म्हणजे हूल म्हणतात. तीन पत्ती खेळणाऱ्यांना ती अपरिचित नाही. हूल नियमांना मान्य असते, म्हणून तिला शब्दशः असत्य म्हणता येणार नाही हे खरे. परंतु ती साधण्यासाठी मनुष्य कोणाकडे पाहतो, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

जुना खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे पाहत असे. 1970 साली लास व्हेगासमध्ये बेनी बिनियन यांनी जागतिक स्पर्धेचा आरंभ केला, तेव्हा पहिला विजेता जॉनी मॉस हा खेळाडूंच्या मतदानाने ठरला. श्रेष्ठत्वाचा निवाडा परस्परांच्या ओळखीवर सोपवता येईल इतके ते जग लहान होते. 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षे विजयी ठरलेल्या डॉइल ब्रन्सन यांनी 1978 मध्ये आपली आक्रमक पद्धत ग्रंथरूपाने मांडली. 1984 मध्ये माइक कॅरो यांनी खेळाडूंच्या हावभावांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. दुर्बळ पत्ते असलेला सामर्थ्याचे सोंग आणतो आणि बलवान पत्ते असलेला दुर्बळतेचे, हे त्यातील मुख्य सूत्र. या पद्धतीत फसवण्यासाठी आधी जाणावे लागे. समोरचा कशाला भितो, मघाच्या पराभवाने तो किती दुखावला आहे, त्याचा अहंकार कोठे हळवा आहे, हे ज्याला कळे त्यालाच हूल साधे. मात्र या जाणण्याचे उदात्तीकरण करू नये. ते शिकाऱ्याचे जाणणे होते. पारध्यालाही हरिणाची सवय ठाऊक असते, म्हणून त्याला कोणी हरिणाचा मित्र म्हणत नाही.

दुसरा प्रवाह गणिताचा. जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये खेळांच्या सिद्धान्ताचा पाया घातला. 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचे विश्लेषण केले आणि हूल हा स्वभावाचा नव्हे, तर हिशेबाचा भाग आहे असे दाखवले. शेवटच्या फेरीत, डावावर जितकी रक्कम जमली आहे तितकीच मी लावली, असे समजा. अशा तीन प्रसंगांपैकी दोनदा माझे पत्ते खरोखर बलवान असावेत आणि एकदा ती हूल असावी. हे प्रमाण पाळले की प्रतिस्पर्ध्याने आव्हान स्वीकारले काय किंवा पत्ते टाकले काय, त्याचा सरासरी लाभ सारखाच राहतो. तो कोण आहे, हे जाणण्याची मला गरजच उरत नाही.

हा विचार मेजावर पोहोचायला अर्धे शतक लागले. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस इंटरनेटवरील पात्रता फेरीतून आला आणि 839 स्पर्धकांत पहिला ठरला. अंतिम लढतीत हाती काही नसताना त्याने आपली सर्व रक्कम लावली. सॅमी फारा या मुरलेल्या खेळाडूला संशय आला, तो संशय खराही होता, आणि तरीही त्याने पत्ते टाकले. त्यानंतर संगणकावर लक्षावधी डाव खेळलेली पिढी आली, आणि तिच्यामागून प्रत्येक स्थितीतील समतोल चाल शोधून देणाऱ्या संगणकीय प्रणाली आल्या. 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे लिब्राटस या प्रणालीने चार व्यावसायिकांना वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून हरवले. तिची रीत लक्षणीय होती. प्रतिस्पर्ध्यांचे दोष ती धुंडाळीत नव्हती. दिवसभरात त्यांनी तिच्या खेळातल्या ज्या फटी हेरल्या, त्या ती रात्री बुजवीत असे.

नव्या पद्धतीतील एक युक्ती मला विशेष बोलकी वाटते. हूल द्यावी की नाही हे स्वतः ठरवले, तर मनाची सवय त्यात उमटते आणि प्रतिस्पर्ध्याला ती ओळखता येते. म्हणून खेळाडू घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहतो. काटा अमुक भागात असेल तर हूल, नसेल तर नाही. पूर्वी फसवण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहावे लागे, आता स्वतःच्या मनगटाकडे पाहिले तरी पुरते.

या परिवर्तनाला अधःपतन म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. समतोल खेळणारा कोणाच्या दुर्बळतेवर जगत नाही. त्याच्या निःपक्षपातीपणात एक स्वच्छता आहे, आणि मूठभरांची गुप्त विद्या त्यामुळे अनेकांना खुली झाली. परंतु येथे हूल टिकते आणि हूल देणारा नाहीसा होतो. 'मी फसवले नाही, प्रमाणाने फसवले' असे म्हणण्याची सोय होते. शिकाऱ्याला निदान आपण शिकार केली हे ठाऊक असे. सेकंदकाट्यावर निर्णय सोपवणाऱ्याला समोरच्याची हानी ही केवळ सरासरीतील एक नोंद वाटू शकते. पहिल्या पद्धतीत क्रौर्य होते, दुसरीत दायित्वाचा विसर आहे. क्रौर्याचा पश्चात्ताप होऊ शकतो. जे आपण केलेच नाही असे वाटते, त्याचा पश्चात्ताप कसा व्हावा?

येथे महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा आठवते. विदर्भाकडे जाताना ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे रथातूनच मोजून सांगितली. नलाने ती संख्या पडताळली आणि आपल्या अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य मिळवले. गणनेची ती विद्या हाती येताच कली त्याच्या देहातून बाहेर पडला, आणि पुढे नलाने द्यूतात पुष्कराकडून राज्य परत जिंकले. कथा गणनेला कमी लेखत नाही. पण ती विजयापाशी थांबतही नाही. हरलेल्या पुष्कराला नलाने जीवदान दिले, त्याचा वाटा परत केला आणि भाऊ म्हणून त्याला जवळ घेतले. हे अक्षहृदयात सांगितलेले नव्हते. डाव कसा जिंकावा हे मोजून कळते. जिंकल्यावर समोर बसलेला आपला कोण लागतो, हे कळण्यासाठी मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहावेच लागते.