रस फुटतो, तेल सुटतं

दिवाळी जवळ आली की करंजीचा वाद निघतोच. ओल्या नारळाची करंजी ती खरी आणि सुक्या खोबऱ्याची म्हणजे घाटावरच्यांची तडजोड, हे दरवर्षी कुणीतरी लिहितं, कुणीतरी उचलून धरतं. २०२५ मध्ये नारळ-खोबऱ्याचे भाव कडाडले आणि या जुन्या मताला नवी पुस्ती जोडली गेली. मराठवाड्याने आता शेंगदाणे आणि तिळावर भागवावं, खोबरं त्यांचं कधी नव्हतंच, ते उसनं होतं, अशी. या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. नारळाचं सार्थक त्याच्या दुधात, म्हणजे कोकणात ज्याला रस म्हणतात त्यात, आणि खोबरं म्हणजे ताजा नारळ न मिळणाऱ्यांचा नाइलाज. ही समजूत मला चुकीची वाटते. ती अन्नाबद्दल चुकीची आहे आणि माणसांबद्दलही, कारण उसन्या वस्तूवर जगणाऱ्याला स्वतःची चव नसते असं ती न बोलता सांगते.

मराठवाड्यातलं बदनापूर मुंबईपासून लोहमार्गाने चारशे किलोमीटरहून दूर आहे. दुधनेच्या खोऱ्यातला हा तालुका तूर, ज्वारी आणि मोसंबीचा. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले तुरीचे वाण मराठवाडाभर पेरले जातात. नारळाची बाग इथे नाही. तरी किराणा दुकानात खोबऱ्याच्या वाट्या आहेत, गोटा खोबरं आहे, ओटीत वाटी आहे आणि खंडोबाच्या भंडाऱ्यासोबत उधळायला खोबरं आहेच. ओल्या नारळाच्या गरात साधारण निम्मं पाणी असतं. वाळून खोबरं झालं की ते सहा टक्क्यांच्या आसपास उरतं आणि वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तेलाचा होतो. गोटा खोबरं तर न फोडलेल्या नारळात महिनोन् महिने, आतलं पाणी आटेपर्यंत, स्वतःच वाळतं. कर्नाटकातलं तिपटूर त्याच्या बाजारासाठीच ओळखलं जातं. अशी वाटी विस्तवावर धरली की आधी कड तांबूस होते, मग काळी पडते, आणि एका क्षणी वाटी स्वतःच्याच तेलावर पेट घेते. पिवळा, धुरकट जाळ. तो फुंकून विझवायचा, वाटी परतायची आणि दुसरी बाजू धरायची. या जाळातून येणारा खमंग, किंचित कडवट वास ओल्या नारळातून काही केल्या निघत नाही, कारण ओल्या गरातली सगळी आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते. काळा मसाला उभा राहतो तो या वासावर. धणे, तीळ, दगडफूल, नाकेश्वर हे सगळे त्याच्या भोवती येतात.

दुधाच्या बाजूने बोलणारे साक्षीला कोकण आणतात, केरळ आणतात आणि हल्ली फिलिपीन्सही. ही साक्ष नीट तपासण्याजोगी आहे, कारण नारळाच्या दुधाचा इतका कसून वापर करणारी स्वयंपाकघरं जगात थोडीच. फिलिपीन्समध्ये या दुधाला ‘गाता’ म्हणतात, त्यात शिजवलेल्या पदार्थांच्या अख्ख्या कुळाला ‘गिनाताआन’. खोवलेला नारळ पिळून निघालेला पहिला, दाट रस म्हणजे ‘काकांग गाता’. पाणी घालून पुन्हा पिळलेला दुसरा, पातळ. मालवणच्या बाईला यात काही शिकायचं नाही. विळीवर नारळ खोवायचा, कोमट पाणी शिंपडायचं, वाटून पंच्यात घेऊन पिळायचा, आणि पहिला रस बाजूला ठेवायचा, हे तिच्या हातात आहे. दोन्हीकडे आधी पातळ रसात जिन्नस शिजतो आणि दाट रस नंतर पडतो. इथवर दोन किनारे एकमेकांचे शेजारी वाटतात. २०११ मधल्या जनुकीय अभ्यासाने तर दाखवलं की नारळ माणसाने दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी आपलासा केला, एकदा प्रशांत महासागराच्या बाजूला आणि एकदा हिंदी महासागराच्या बाजूला. म्हणजे झाडाची घराणी वेगळी असूनही पिळण्याची रीत सारखी निघाली.

पण दाट रस पडल्यानंतर काय होतं ते पाहिलं की वाटा फुटतात. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून दूर धरणारी नारळातली प्रथिनं. साधारण ८० अंशांच्या पुढे ती प्रथिनं गोठतात, थेंब एकत्र येतात, तेल वर येतं. कोकणात याला रस फुटला म्हणतात आणि तो दोष मानतात. म्हणून दाट रस शेवटी घालायचा आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. सोलकढी तर विस्तवावर चढतच नाही. शिरवाळ्यांबरोबरचा गोड रस नुसता गूळ-वेलची घालून वाढतात, आणि नरकचतुर्दशीला गोव्यात होणारे रसातले पोहेही तसेच. फिलिपीन्समध्ये, विशेषतः बिकोल प्रांतात, उलट चालतं. तिथला ‘लाईंग’ हा वाळवलेल्या अळूच्या पानांचा पदार्थ, आपल्या फदफद्याचा दूरचा भाऊ. नारळाचं दूध, मिरची आणि सुकी मासळी किंवा कोळंबीचं खारट वाटण घालून तो मंद आचेवर आटवतात, आणि तो झाला केव्हा म्हणायचा, तर वर तेल दिसलं की. तेलाला तिथला शब्द ‘मांतिका’, स्पॅनिश लोकांनी आणलेला. तगालोग लोकांचा ‘लातिक’ त्याहून पुढे जातो. दाट दूध उकळत ठेवतात, ते फुटतं, तेल सुटतं आणि त्याच तेलात तळाशी राहिलेला चोथा तांबूस परततात. तांदळाच्या मिठाईवर तो भुरभुरतात. लोणी कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना लातिक समजावून सांगावा लागणार नाही.

इथे मला माझीच मांडणी बदलावी लागते. ओलं विरुद्ध सुकं, किनारा विरुद्ध पठार, अशी रेघ ओढून बदनापूरची बाजू घ्यायची असा बेत होता. ती रेघ टिकत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही रश्श्याची खूण काय, तर वाटण ‘तेल सुटेपर्यंत’ परतणं. तेल सुटलं नाही तर मसाला कच्चा, रस्सा फिका. म्हणजे बिकोलची बाई आणि बदनापूरची बाई कढईत एकाच क्षणाची वाट पाहतात, आणि मालवणची बाई तोच क्षण टाळते. खरा भेद ओल्या-सुक्याचा नसून स्निग्धांश पाण्यात धरून ठेवायचा की मोकळा करायचा, हा आहे. या मापाने मोजलं तर पठाराचं खोबरं हा नारळाच्या दुधाचा दरिद्री नातेवाईक ठरत नाही. बिकोलमध्ये जे आटवून साधतात ते पठारावर वाळवून, भाजून आणि परतून साधतात. त्यात खोबरं एकटंही नसतं. खोबरं, तीळ आणि शेंगदाणे हे त्रिकूट हैदराबादच्या बगारा बैंगनातही आहे, मिरचीच्या सालनातही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि ही चव संस्थानाच्या दोन्ही टोकांनी वाटून घेतली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बिकोलचं तेल ताज्या नारळातून सुटतं, त्यात ताजेपणाचा गोडवा असतो, वाळवलेल्या खोबऱ्यात तो उडून जातो. हे खरं आहे. खोबऱ्यापासून सोलकढी होत नाही, करायला जाऊही नये. पण ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांत आंबते. वसुबारसेच्या आधी तळलेला डबा भाऊबीजेपर्यंत आणि पुढे पाहुण्यांसाठी पुरवायचा असेल तर सारण सुकंच हवं. सुक्या खोबऱ्याची करंजी काळाचं गणित घालून रचलेला पदार्थ आहे. तिला तडजोड म्हणायचं तर लोणचं, पापड आणि वळवट यांनाही तडजोडच म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. नाशिकच्या लेण्यांमध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. त्यात नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याची नोंद आहे, आणि दान घेणाऱ्यांत सोपाऱ्याबरोबर घाटावरच्या गोवर्धनचे ‘चरक’ नावाचे धार्मिक लोकही आहेत. किनाऱ्यावरच्या नारळाचा हिशेब पठारावर लिहिला जात होता त्याला १९०० वर्षं झाली. उलट, ज्या शेंगदाण्यावर मराठवाड्याने परत जावं असं सुचवलं जातं तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज-स्पॅनिश गलबतांनी तो जगभर नेला, आणि तमिळमध्ये त्याला मनिलाचं नाव चिकटलं, ‘मणिला कोट्टै’. फिलिपीन्समध्येही तो ‘कारे-कारे’च्या रश्श्यात वाटून जातो. मूळ पाहूनच हक्क ठरवायचा तर आपल्या ताटात तिळावाचून फारसं काही उरणार नाही.

परका म्हणवला जाणारा शब्द खुद्द खोबऱ्याचाच पाहा. मलयाळम ‘कोप्परा’ पोर्तुगीजांनी उचलला, युरोपात तो ‘कोप्रा’ झाला आणि फिलिपीन्समध्ये ‘कोप्रा’ म्हणूनच पोचला. आपलं खोबरं, हिंदीतला खोपरा आणि हा कोप्रा एकाच कुळातले. पण शब्द गेला तसा अर्थ गेला नाही. १६४२ मध्ये कोर्कुएरा या स्पॅनिश गव्हर्नरने तिथल्या प्रत्येक स्थानिकाला २०० नारळ लावण्याचा हुकूम दिला, तो गलबतांच्या दोरखंडांसाठी आणि फटी बुजवायच्या काथ्यासाठी. पुढे युरोप-अमेरिकेला साबण आणि मार्गारीनसाठी तेल हवं झालं तेव्हा कोप्रा म्हणजे विकून टाकायचा माल झाला. १९७३ ते १९८२ या काळात तिथल्या मार्कोस राजवटीने कोप्रा विकणाऱ्या शेतकऱ्यांकडून अधिभार वसूल केला. त्या पैशातून घेतलेले कंपन्यांचे हिस्से सत्तेच्या वर्तुळातल्या माणसांच्या हाती गेले. त्यांतला मोठा हिस्सा सरकारचा, आणि तोही नारळ शेतकऱ्यांच्या हितासाठीच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं. त्या पैशाच्या निधीचा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. तिथे दूध घरचं आणि कोप्रा कारखान्याचा. आमच्याकडे तोच कोप्रा ओटीत आहे, भंडाऱ्यात आहे, आमटीत आहे. खोबरं बाजारातून आलं म्हणून ते परकं, असं म्हणणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. बाजाराने आणलेली वस्तू लोकांनी देवाला वाहिली आणि मसाल्यात भाजली की ती त्यांची होते.

आता बदनापुरासारख्या गावीही नारळाचं दूध डब्यात मिळू लागलं आहे. बऱ्याच डब्यांत ते गवार गमसारख्या पदार्थांनी बांधलेलं असतं. जगातली बहुतेक गवार भारतात आणि तीही मुख्यतः राजस्थानच्या कोरडवाहू रानात पिकते. म्हणजे किनाऱ्याच्या रसाला धरून ठेवायला वाळवंटाकाठची शेंग लागते. असं दूध उकळलं तरी सहजी फुटत नाही. मालवणी कालवणाला ते चालून जाईल, कारण तिथे फुटणं नकोच असतं. लाईंग करणारी बाई मात्र कढईपाशी उभी राहते, दूध आटतं, घट्ट होतं, आणि तेल वर येत नाही.